हतनूर ते धडगाव: पावसाळ्यात पथकं पाहत केलेला प्रवास

पावसाळ्यात खानदेशात फिरायचं म्हटलं की लोक तोरणमाळ, पाल, पाटणादेवी ही नावं सांगतात. ही सहल वेगळ्या हेतूने आखली आहे. तापीच्या काठाने पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं आणि शेवटी सातपुडा चढायचा. वाटेत पाहायची ती माणसं. धरणाचे दरवाजे चालवणारी, रेल्वे धावती ठेवणारी, पुरातून लोकांना काढणारी, तुटलेली तार जोडणारी आणि सर्पदंशाचा रुग्ण हाताळणारी. जुलै-ऑगस्टमध्ये ही सगळी कामं एकाच वेळी अंगावर येतात. वेळ कमी, माहिती अर्धवट, माणसं थकलेली आणि चूक झाली तर जीव जातो. अशा वेळी चांगलं पथक वेगळं कशामुळे ठरतं? आमचं मत असं की हुशारी आणि धाडस यांचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे. निरोप पोहोचल्याची खात्री कशी होते, आणि थांबा म्हणायचा हक्क कुणाकडे असतो, यावर बरंच ठरतं.

दिवस पहिला: जळगाव, हतनूर, चांगदेव, भुसावळ

जळगावहून भुसावळ ओलांडून वरणगावच्या वाटेला लागलं की दोन्ही बाजूंना केळी आणि कपाशी. हतनूरच्या भिंतीवर उभं राहिलं की आधी नजरेत भरते ती दरवाज्यांची रांग. ४१ वक्राकार दरवाजे. पण इथलं काम समजून घ्यायचं तर थोडं वर चांगदेवला जावं, जिथे पूर्णा तापीला मिळते. चांगदेवाच्या जुन्या देवळाजवळून दोन नद्यांची पाणी वेगवेगळ्या रंगांची दिसतात, कारण ती वेगवेगळ्या मुलखांतून आलेली असतात. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईकडून बऱ्हाणपूरमार्गे येते, पूर्णा अकोला-बुलढाण्याकडून. जळगावात ऊन पडलेलं असताना हतनूरला पूर येतो तो यामुळे. देडतलाई, बऱ्हाणपूर, चिखलदरा, अकोला इथल्या पर्जन्यमापकांचे आकडे आले नाहीत, तर दरवाज्यावरचा माणूस आंधळाच.

त्यामुळे धरणावरचं पथक भिंतीवर दिसतं त्यापेक्षा पुष्कळ मोठं असतं. वरच्या अंगाला पाऊस मोजणारा, नियंत्रण कक्षात आकडे मांडणारा, निर्णय घेणारा अभियंता, दरवाजा उचलणारा चालक, भोंगा वाजवणारा आणि खालच्या अंगाला शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या बॅरेजवरची (नदीवरच्या दरवाज्यांच्या बंधाऱ्यांवरची) माणसं. प्रकाशाच्या पुढे उकाई धरण, म्हणजे गुजरात. हतनूरचा विसर्ग वाढला की खालच्या प्रत्येक ठिकाणी पाणी येण्याआधी जागा करून ठेवावी लागते. निरोप पाण्याच्या पुढे राहिला पाहिजे.

निरोप कुठे बिघडतो? पहिली जागा एककाची. कार्यालयीन नोंदीत क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आणि क्युसेक (सेकंदाला घनफूट) दोन्ही चालतात. १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक, म्हणजे १,००० क्युमेक आणि १,००० क्युसेक यांत पस्तीस पटींचा फरक. फोनवर नुसतं "हजार सोडलेत" म्हटलं की ऐकणारा आपल्या सवयीचं एकक लावतो. म्हणून निरोपाचा साचा ठरलेला हवा: वेळ, किती दरवाजे, प्रत्येकी किती उघडे, एकूण विसर्ग दोन्ही एककांत, आणि पुढचा बदल कधी अपेक्षित आहे. ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यायचा आणि वाचून दाखवायचा. "समजलं" हे उत्तर धरायचं नाही. समजलं म्हणणारा काय समजला, ते त्याने परत म्हटल्याशिवाय कळत नाही.

दुसरी जागा पाळी बदलण्याची. पुरात ड्यूटी लांबते आणि सकाळी सुटणाऱ्याला घरी जायची घाई असते. निरोप तोंडी, उभ्याउभ्या दिला जातो आणि त्यात नेमकी अर्धवट कामं सुटतात. एखादा दरवाजा मर्यादा-स्विचवर अडकलाय, जनित्राचं डिझेल निम्म्यावर आलंय, खालच्या एका गावाला फोन लागलेला नाही. यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. दोन्ही पाळ्या निदान पंधरा-वीस मिनिटं एकत्र हव्यात, नोंदवही मोठ्याने वाचली जावी आणि नव्या माणसाने पाणीपातळीची पट्टी स्वतः जाऊन पाहावी. सुटणाऱ्याने शेवटी दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्यात: काय करायचं राहिलंय आणि मला कशाची काळजी वाटते. दुसरी गोष्ट वहीत कधीच लिहिलेली नसते.

थकव्याबद्दल इथेच सांगायला हवं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी घसरते, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं होतं. पण थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे उमगत नाही. म्हणून विश्रांती मागण्यावर सोडायची नाही, ती वेळापत्रकातच असावी. रात्री तीन वाजता दरवाज्यांचा हिशेब करणाऱ्याच्या शेजारी तोच हिशेब स्वतंत्रपणे करणारा दुसरा माणूस हवा. पहिल्याचा कागद पाहून "बरोबर आहे" म्हणणारा उपयोगाचा नाही.

संध्याकाळी भुसावळला मुक्काम.

दिवस दुसरा: भुसावळ आणि जळगाव

भुसावळचं वय रेल्वेने मोजावं. मुंबईहून येणारा मार्ग इथे नागपूर आणि इटारसी अशा दोन दिशांना फुटतो. यार्ड, इंजिनांची शेड, विभागीय कार्यालय, प्रशिक्षण संस्था, सगळं गाव त्याभोवती वसलेलं. दबावाखाली बोलायचं कसं, हे शिकायला इतकं चांगलं ठिकाण क्वचित सापडेल, कारण रेल्वेने ते नियमात बांधून टाकलंय.

फाटकाचंच घ्या. स्टेशन मास्तर फाटकवाल्याला गाडीची सूचना देतो. फाटकवाला फाटक बंद करून कुलूप लावतो आणि मग मास्तरला एक दोन आकडी प्रायव्हेट नंबर सांगतो. हा नंबर आधीच छापलेल्या तक्त्यातला, क्रम नसलेला. एकदा वापरला की खोडायचा. मास्तर तो वहीत लिहितो. यातली खुबी अशी की "हो, केलंय" हे सवयीने तोंडातून निघू शकतं, पण नंबर सांगायचा तर तक्ता हातात घ्यावा लागतो आणि पेन उचलावं लागतं. तोंड आणि हात दोन्ही कामाला लागले की मन जागेवर येतं. इंजिनात लोको पायलट आणि सहायक येणाऱ्या प्रत्येक सिग्नलचा रंग बोट दाखवून एकमेकांना मोठ्याने सांगतात, त्यामागेही हेच कारण. एकाने पुकारलं आणि दुसरा गप्प राहिला, तर ती शांतताच इशारा ठरते.

हे विमानसेवेला फार महागात शिकावं लागलं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धुक्यात एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की दुसरं विमान अजून धावपट्टीवर असावं. त्याने विचारलंही. कप्तान अनुभवी आणि मोठ्या मानाचा. त्याने ठामपणे उत्तर दिलं आणि प्रश्न तिथेच संपला. १९७९ साली नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि तिथून वैमानिकांच्या पथकाला एकत्र काम कसं करावं हे शिकवणारी पद्धत आकाराला आली. कनिष्ठाने शंका बोलायची, ऐकली गेली नाही तर शब्द बदलून पुन्हा बोलायची, आणि तरीही नाही तर थांबवायचं. आपल्याकडे "साहेब, बघा जरा" इथेच बहुतेक वेळा बोलणं संपतं. ते पुढे नेण्यासाठी ठरलेले शब्द लागतात, कारण ऐन वेळी धीर सुचत नाही, पाठ केलेलं वाक्य मात्र तोंडात येतं. "साहेब, मला काळजी वाटतेय" ही पहिली पायरी. "साहेब, हे धोक्याचं आहे" ही दुसरी. तिसरी नुसतं "थांबा".

गाडी अचानक दोन स्टेशनांच्या मधल्या भागात उभी राहिली तर काय करायचं, याची वाटणीही नियमात आहे. लोको पायलटने इंजिनावरचा लुकलुकणारा फ्लॅशर दिवा लावायचा. शेजारच्या रुळाला अडथळा असेल तर सगळ्यांत आधी त्या रुळाचं संरक्षण. लाल झेंडी, आणि रात्र असेल तर लाल दिवा, दाखवत पुढे जायचं. ब्रॉडगेजवर ६०० मीटरला एक फटाका (रुळावर लावायचा, चाक आलं की मोठ्याने वाजून चालकाला सावध करणारा) आणि १,२०० मीटरला तीन फटाके, एकमेकांपासून सुमारे १० मीटरवर लावायचे. वाटेतच गाडी येताना दिसली तर अंतर मोजत बसायचं नाही, असतील तिथे लावायचे. पुढची बाजू सहायकाने पाहायची, मागची गार्डने. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. कुणी काय करायचं हे त्या क्षणी ठरवावं लागत नाही, हीच या नियमाची ताकद.

शेजारचा रूळ आधी, हा क्रम किती मोलाचा आहे हे जळगाव जिल्ह्याने सोसलंय. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेस साखळी ओढून थांबली. प्रवासी दुसऱ्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. अफवा डब्यातून डब्यात जायला काही सेकंद पुरतात. म्हणून पथक बांधताना खरी माहिती जमलेल्या माणसांपर्यंत कोण आणि कशाने पोहोचवणार, हे कामही एका माणसाच्या नावावर टाकलं पाहिजे. ते कुणाच्याच नावावर नसेल तर अफवाच ते काम करते.

अपघात मदत गाडीची गोष्ट थोडक्यात. आदेश आल्यापासून दिवसा ३० मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत ती निघाली पाहिजे असा दंडक आहे. हे जमतं कारण सामानाची जागा कधीच बदलत नाही. जॅक, लाकडी ठोकळे, कटर, दिवे अंधारातही हाताला लागतात. क्रेनचं काम सुरू झालं की चालकाला इशारे देणारा माणूस एकच. पण "थांब"चा इशारा तिथला कुणीही देऊ शकतो, हमालसुद्धा, आणि चालकाने तो मानायचाच. हुकूम एकाचा, थांबवण्याचा हक्क सगळ्यांचा. कोणत्याही पथकाला उचलून न्यावी अशी ही घडी आहे.

दुपारनंतर जळगाव, एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे. वाटेत ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. शेवभाजी तिखट असते, सांगून कमी करून घेता येते.

दिवस तिसरा: धुळे आणि तापीचा काठ

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यात असते. खानदेशातल्या पुरांचं रूप दोन प्रकारचं. तापीचा पूर मोठा, रुंद आणि थोडाफार सांगून येणारा. पांझरा, अनेर, अरुणावती, गोमाई यांचा पूर मात्र सातपुड्यात किंवा साक्रीकडे ढग फुटला की तासाभरात फरशीवर, म्हणजे ओढ्या-नदीवरच्या बुटक्या पुलावर, येतो. माणसं जातात ती बहुधा फरशीवरच. गुडघाभर वेगाचं पाणी माणसाला पाडायला पुरतं, दोन फूट पाण्यात जीप तरंगू लागते, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली हे दिसत नाही.

बचावाचा क्रम जगभर जवळपास सारखाच शिकवतात. आधी काठावरून बोला, मग काठी किंवा बांबू पोहोचवा, मग दोर फेका, मग बोट, आणि पाण्यात माणूस उतरवणं सगळ्यांत शेवटी. गावात उलटं होतं. पट्टीचा पोहणारा आधी उडी मारतो आणि मग एकाच्या जागी दोघांना काढावं लागतं. त्याच्या हिमतीचा आदर आहेच. तापीकाठचे भोई आणि कोळी नदी जशी ओळखतात तशी बाहेरून आलेलं कोणतंही पथक ओळखू शकत नाही. खडक कुठे, भोवरा कुठे, कोणत्या काठाला पाणी संथ, हे त्यांना विचारल्याशिवाय बोट घालू नये. पण त्यांना कामात घ्यायचं तर जागा ठरवून, लाइफ जॅकेट घालून, आणि इशारे शिकवून.

प्रवाहातल्या बचावात पाच जागा भरलेल्या हव्यात. वरच्या अंगाला एक पाहणारा, कारण ओंडके, गवताचे भारे, मेलेली जनावरं तिथूनच येतात. मध्ये बोट किंवा दोर चालवणारे. खालच्या अंगाला दोघे, फेकायच्या दोराच्या पिशव्या घेऊन, निसटलेल्या माणसाला धरायला. दोर साधारण १५ ते २० मीटरचा असतो, म्हणून त्यांची जागा प्रवाह काठाजवळ येतो तिथे हवी. पाचवी जागा प्रमुखाची, आणि त्याचे हात मोकळे हवेत. प्रमुखाने दोर धरला की त्याची नजर दोराएवढी होते. ही चूक सगळ्यांत जास्त दिसते, कारण प्रमुख बहुधा सगळ्यांत कुशल असतो आणि त्याला राहवत नाही.

पाण्याच्या आवाजात ओरडणं ऐकू जात नाही, म्हणून शिट्टी. एक शिट्टी: थांबा, माझ्याकडे पाहा. दोन: वरच्या अंगाला लक्ष. तीन: खालच्या अंगाला. तीन-तीन पुन्हा पुन्हा: संकट. हे काम सुरू करण्याआधी काठावर एकदा सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचं, कारण दोन तुकड्यांचे संकेत उलटे असू शकतात. दोर प्रवाहाला आडवा सरळ ताणायचा नाही. मध्ये फुगा येऊन धरलेला माणूस तिथेच अडकतो. खालच्या बाजूला तिरका, साधारण ४५ अंशांत ताणला की पाणीच त्याला काठाला आणतं. बचाव करणाऱ्याच्या कमरेला गाठ मारून दोर कधीच बांधायचा नाही. तो खडकात अडकला तर प्रवाह त्याला खाली दाबून धरतो. आणि बॅरेज, कोल्हापुरी बंधारा यांच्या पायथ्याशी बोट न्यायची नाही. वरून शांत दिसणारं ते पाणी उलटं फिरत असतं आणि वस्तू सोडत नाही.

मोठा पूर असला की एका गावात चार तुकड्या येतात: महसूल, पोलीस, आपत्ती दल, आणि शेजारच्या गावचे तरुण. त्यांचा मेळ घालण्याची पद्धत कॅलिफोर्नियातल्या १९७०च्या वणव्यांनंतर बांधली गेली. तिच्या धर्तीवर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली भारतासाठी घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सार तीन गोष्टींत आहे. प्रत्येक माणसाचा साहेब एकच. एका प्रमुखाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, पाच असली तर उत्तम. आणि सगळ्यांनी एकाच साध्या भाषेत बोलायचं, खात्यांची संक्षिप्त नावं टाळून. यातली दुसरी गोष्ट आपल्याकडे सर्रास मोडते. तहसीलदारांच्या भोवती वीस माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला उत्तर त्यांच्याकडूनच हवं असतं. मग निर्णय अडतात आणि काम करणारे आपापल्या मनाने निघतात. अशा वेळी पहिली दहा मिनिटं माणसं वाटण्यात घालवावीत. ती वाया जात नाहीत.

दिवस चौथा: शिरपूर ते शहादा

आग्रा रस्त्याने सावळद्याचा तापीपूल ओलांडून शिरपूर, आणि तिथून पश्चिमेला शहाद्याकडे. वादळी पावसात झाडं तारांवर पडतात, पिन इन्सुलेटर फुटतात, जंपर (खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा) तुटतो आणि गावठाणाचा फिडर (उपकेंद्रातून गावाला वीज नेणारी लाइन) जातो. गावाला दिसतो तो खांबावर चढलेला वायरमन. त्याचा जीव मात्र काही किलोमीटर दूर ३३/११ केव्ही उपकेंद्रात बसलेल्या यंत्रचालकाच्या हातात असतो, आणि दोघांना जोडते ती परमिटची, म्हणजे तारेवर काम करायच्या परवानगीची, पद्धत.

ती पायरीपायरीने अशी. काम करणाऱ्या पथकाचा एकच माणूस फिडरचं पूर्ण नाव सांगून परमिट मागतो. यंत्रचालक ब्रेकर उघडतो, म्हणजे वीज तोडतो, मग आयसोलेटर हा दुसरा स्विच उघडून त्यातलं अंतर डोळ्यांनी पाहतो, कुलूप लावतो, "माणसं काम करत आहेत" ही पाटी टांगतो, वहीत वेळ आणि नाव लिहितो आणि परमिटचा क्रमांक देतो. पथक तो परत म्हणून दाखवतं. जागेवर खांबावरचा एबी स्विच उघडायचा, टेस्टरने तपासायचं, मग डिस्चार्ज रॉडने कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, म्हणजे तार जमिनीला जोडायची. मगच चढायचं. उतरल्यावर आधी माणसं मोजायची, मग अवजारं, मग अर्थिंग काढायचं, आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं.

यात कुठे काय चुकतं ते नीट पाहण्यासारखं आहे.

एकाच फिडरवर दोन टोळ्या दोन ठिकाणी काम करत असतात. एकीचं काम संपतं, ती "चालू करा" सांगते. यंत्रचालकाने दोन परमिटं वेगळी लिहिलेली नसतील, तर दुसरी टोळी तारेवर असताना वीज येते. म्हणून जितक्या टोळ्या तितकी परमिटं आणि तितकी कुलपं. दुसरी चूक वेळ ठरवण्याची: "दहा मिनिटांनी चालू कर, तोवर होतंय." खांबावर पकड निसटली, पाना खाली पडला, पाऊस वाढला, की दहाची पंधरा होतात आणि फोनला रेंज नसते. ठरलेल्या वेळेवर वीज सोडणं कोणत्याही परिस्थितीत करू नये, मग गावातला दवाखाना अंधारात असला तरीही. तिसरी, उलट्या दिशेने येणारी वीज. कुणी इन्व्हर्टर किंवा जनित्र चुकीचं जोडलेलं असतं, आणि बंद केलेली तार डीपीमार्गे (गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून) पुन्हा जिवंत होते. दोन्ही बाजूंचं अर्थिंग यासाठीच असतं. एका बाजूचं केलं म्हणजे अर्धं काम झालं, असं मानणं घातक आहे. चौथी चूक नावाची. एकाच खांबावरून दोन फिडर जातात, किंवा फिडरचं नाव बदललेलं असतं आणि जुनी माणसं जुनंच म्हणतात. चढण्याआधी टेस्टर लावणं ही या सगळ्या चुकांवरची शेवटची भिंत.

या कामात दबाव येतो तो फोनचा. अर्ध्या तासात पन्नास जण विचारतात, "भो, लाइट कव्हय येयी?" (भाऊ, वीज कधी येईल?) राग खरा असतो. घरात म्हातारी आजारी असते, गिरणी बंद असते. पण परमिट घेतलेल्या माणसाने हे फोन घ्यायचे नाहीत. त्याचा फोन फक्त उपकेंद्रासाठी. गावाला उत्तर द्यायला दुसरा माणूस ठेवायचा, आणि त्याने अंदाजे वेळ सांगण्याऐवजी काय चाललंय ते सांगायचं: "जंपर तुटलाय, माणूस खांबावर आहे, पुढचा निरोप अर्ध्या तासाने देतो." आणि अर्ध्या तासाने खरोखर द्यायचा, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी. लोक अंधार सहन करतात. कुणी काही सांगत नाही हे त्यांना सहन होत नाही.

दिवस पाचवा: शहादा, तळोदा, चांदसैली घाट, धडगाव

तळोद्यानंतर घाट चढू लागतो. चांदसैलीत पावसाळ्यात दरडी येतात, म्हणून निघण्याआधी रस्त्याची चौकशी करावी. वर अक्राणीचा मुलूख: विखुरलेले पाडे, डोंगरउतारावरची घरं, पावरी आणि भिली बोलणारी माणसं. कित्येक पाड्यांवरून रुग्ण अजूनही बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत येतो. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांत बोटीतून. झोळीचं पथकही नीट पाहावं. दोघे वाहतात, दोघे मोकळे चालतात, खांदा बदलायची जागा चढाआधी ठरते, आणि एक जण पुढे जाऊन ओढ्याचं पाणी बघतो. नेमून दिल्याशिवाय जमलेली वाटणी आहे ही, पिढ्यांच्या सवयीने.

पावसाळ्यात इथला मोठा घात म्हणजे सर्पदंश. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. खूण जवळजवळ दिसत नाही, दुखत नाही, पहाटे पोट दुखू लागतं आणि पापण्या जड होतात. घोणस आणि फुरसं चावलं तर रक्त गोठत नाही. रुग्ण दवाखान्याच्या दारात आल्यापासून काय व्हायला हवं, ते चार-पाच माणसांत वाटून पाहू.

डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात, तिथून रुग्ण आणि पथक दोन्ही दिसतात. एक परिचारिका सलाइनसाठी शीर घेते आणि त्याच वेळी २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ, काचेच्या नळीत भरते. ही नळी २० मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच कलवून पाहायची. रक्त वाहिलं तर विष रक्तात भिनलंय. इथे दोन चुका नेहमी होतात. नळी प्लास्टिकची असते किंवा साबणाने धुतलेली असते, मग रक्त निरोगी माणसाचंही गोठत नाही. आणि वेळ कुणी लिहिलेली नसते, मग "झाली असतील वीस मिनिटं" म्हणून बाराव्या मिनिटाला नळी कलवली जाते. म्हणून एका माणसाकडे फक्त घड्याळ आणि कागद. त्याने काहीही करायचं नाही, प्रत्येक गोष्टीची वेळ लिहायची आणि मोठ्याने सांगायची.

विषाची लक्षणं दिसली की सर्पविषरोधक लसीच्या १० कुप्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष मुलाच्या वजनाकडे पाहून सोडलेलं नसतं. पावडरच्या प्रत्येक कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालून ती गोल फिरवत विरघळवायची. जोरात हलवली की फेस होतो. दहा कुप्यांना वेळ लागतो, म्हणून एका माणसाला तेवढंच काम. सुरू करण्याआधी अॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून, उशाशी: मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. लसीची तीव्र ॲलर्जी पहिल्या काही मिनिटांत येऊ शकते आणि तेव्हा कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो.

आता बोलणं. "कुणीतरी सलाइन लावा" हे वाक्य या खोलीत चालत नाही, कारण कुणीतरी नावाचा माणूस तिथे नसतो. नाव घेऊन, औषध, मात्रा आणि मार्ग सांगून बोलायचं. "सिस्टर, अॅड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम, स्नायूत, आता द्या." "अॅड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम, स्नायूत, देते." आणि दिल्यावर: "दिलं, दोन वाजून दहा मिनिटं." तीन वाक्यं, काही सेकंद. मात्रा ऐकण्यात चूक झाली असेल तर ती दुसऱ्या वाक्यातच पकडली जाते, सुई टोचण्याआधी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी काढली, तिच्यात चीर घेण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगावं असं कलम आहे. आदल्याच दिवशी बदलून आलेल्या डॉक्टरला परिचारिकेचं नाव माहीत नसेल, तर तो नाव घेऊन काम सांगणार कसा?

नातेवाइकांशी बोलायला पावरी किंवा भिली जाणणारं माणूस लागतं, बहुतेक वेळा आशाताई. तिला दुभाषी म्हणून कोपऱ्यात उभं करू नये, ती पथकातच असते. दंश कधी झाला, भगताकडे किती वेळ गेला, बांधलेली दोरी कधी सोडली, हे तिला सांगितलं जातं, डॉक्टरांना नाही. घट्ट बांधलेली दोरी घाईने सोडली तर अडलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं. म्हणून शीर आणि लस तयार झाल्यावर हळूहळू, डॉक्टर समोर असताना सोडायची. ही एक सूचना तिच्या भाषेत घरच्यांपर्यंत आधीच पोहोचली, तर बरंच साधतं.

श्वास मंदावला तर लसीवर विसंबून राहता येत नाही. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देणारी पिशवी, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा, नंदुरबार येईपर्यंत. घाटातून एका माणसाला हे जमत नाही, हात आखडतात आणि वेग नकळत वाढतो. बॅग दाबणारे दोन, बदलायची वेळ ठरलेली.

दिवस सहावा: नंदुरबार

रुग्ण पुढे पाठवताना फोनवर काय सांगायचं, याचा क्रम चार ओळींचा. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, आम्हाला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. "सिरियस पेशंट पाठवतोय" यातून समोरच्याला काहीच तयार ठेवता येत नाही. "मण्यारदंशाची शक्यता, वय तीस, लस १० कुप्या दोन वाजता सुरू, श्वास बॅगवर, व्हेंटिलेटर लागेल, दोन तासांत पोहोचतो" यातून खाट, यंत्र आणि भूलतज्ज्ञ तिघेही तयार राहतात. ऐकणाऱ्याने परत म्हणायचं, आणि हेच चिठ्ठीवर लिहून रुग्णासोबत द्यायचं. घाटात फोन लागत नाही.

रुग्णवाहिका गेल्यावर पथक पांगतं, चहा होतो, दुसरा रुग्ण येतो. त्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी तिथेच उभं राहून बोलावं. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. सगळ्यांत कनिष्ठाने आधी बोलावं, कारण साहेब आधी बोलले की बाकीचे दुजोरा देतात. कुणाची चूक हा प्रश्न या दहा मिनिटांत घ्यायचा नाही. तो घेतला की पुढच्या वेळी कुणी काही सांगत नाही. आणि निघेल तो बदल छोटा, त्याच दिवशी करता येईल असा असावा, माणसाच्या नावासह. काचेच्या कोरड्या नळ्यांचा डबा वेगळा ठेवायचा, कुप्यांचा साठा आज भरून घ्यायचा, आणि ऑक्सिजन सिलिंडरची चावी सुतळीने सिलिंडरलाच बांधून टाकायची.